एका पंगतीची शंभर वर्षे : सातारचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस

महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री पोलादपूर, महाड ओलांडून हरिहरेश्वर आणि बाणकोट यांच्यामधून समुद्राला मिळते. सातारा जिल्ह्यातला घाटमाथा आणि रायगडचा किनारा यांचे नाते असे भूगोलानेच जुळवलेले आहे. म्हणून सातारच्या एका विद्यार्थी वसतिगृहाचा इतिहास हरिहरेश्वर, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यातल्या वाचकांपुढे मांडताना फार लांबचे काही सांगतो आहोत, असे वाटत नाही. दोन्हीकडच्या मुलांची अडचणही एकच होती. गावातली शाळा लवकर संपायची आणि पुढची शाळा डोंगराच्या किंवा खाडीच्या पलीकडे असायची.

पूर्वी किनाऱ्यावरच्या मुलाला पुढे शिकायचे असेल तर वाटा मोजक्याच होत्या. मुंबईत एखाद्या चुलत्याच्या नाहीतर मामाच्या खोलीत पथारी टाकायची, पुण्यात वार लावून जेवायचे किंवा माधुकरी मागायची, नाहीतर आपल्या ज्ञातीचे वसतिगृह शोधायचे. या सगळ्या वाटा नात्याच्या किंवा जातीच्या दारातून जात. ज्याला ते दार नव्हते त्याचे शिक्षण तिथेच थांबे. सातारला १९२४ साली सुरू झालेल्या बोर्डिंगने आणखी एक दार उघडले, आणि तिथे मुलाला जात विचारली जात नव्हती. या बोर्डिंगने शंभर वर्षांत काय केले आणि ते कोणाच्या बळावर केले, याची ही नोंद आहे.

पूर्वपीठिका : १९०१ ते १९१८

महाराष्ट्रातल्या विद्यार्थी वसतिगृहांचा इतिहास कोल्हापूरला वगळून लिहिता येणार नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. पुढच्या दोन दशकांत जैन, मुस्लिम, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, पांचाळ, सारस्वत, ख्रिस्ती अशा अनेक समाजांची वसतिगृहे त्यांच्या आश्रयाने उभी राहिली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. एका शहरात इतक्या समाजांची मुले शिकायला येऊन राहू लागली, ही त्या काळातली मोठी घटना होती. मात्र प्रत्येक वसतिगृहाची चूल वेगळी होती. प्रत्येक समाजाने निदान आपल्या मुलांची जबाबदारी उचलावी, हा महाराजांचा व्यवहारी विचार त्यामागे होता.

याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये एक विद्यार्थी राहत होता. कुंभोज गावी २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला, राजाराम हायस्कुलात शिकणारा भाऊराव पायगोंडा पाटील. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला तो हजर राहिला. परत आल्यावर शुद्धीसाठी अंघोळ कर, असे त्याला सांगण्यात आले. त्याने नकार दिला, आणि त्याला बोर्डिंग सोडावे लागले. ज्या मुलाचे सामान वसतिगृहाबाहेर काढले गेले, त्यानेच पुढे महाराष्ट्रात ठिकठिकाणी वसतिगृहे काढली.

पुढे भाऊरावांनी ओगले काच कारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांच्या नांगराचा प्रचार केला, सातारच्या कूपर कारखान्याच्या उभारणीत भाग घेतला. या फिरतीत त्यांनी गावोगावचे ओटे आणि शेतकऱ्यांची घरे पाहिली. शिकायची इच्छा आहे पण राहायला जागा नाही, ही तक्रार त्यांनी जागोजागी ऐकली. १९१०च्या सुमारास सांगलीजवळच्या दुधगावात त्यांनी सहकाऱ्यांसह सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृहाचा पहिला प्रयोग केला होता. त्याचे बीज पुढे रुजले.

पहिले दशक : १९१९ ते १९२९

कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली होती. तिथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. सुरुवात शाळेपासून नव्हे, वसतिगृहापासून झाली. प्रथम काले, नंतर नेर्ले. मुलाला आधी भाकरी आणि निवारा मिळाला, तर शाळा तो शोधून काढील, असा सरळ हिशेब त्यामागे होता. पण खेड्यातल्या वसतिगृहांना मर्यादा पडत होत्या, कारण वरच्या इयत्तांच्या शाळा शहरात होत्या. म्हणून १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे सातारला हलले आणि बोर्डिंगचा संसार सुरू झाला.

संसार हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे, कारण सुरुवातीला बोर्डिंग आणि भाऊरावांचे घर यांत फारसा फरक नव्हता. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्या-ओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या. त्यांनी मराठा, महार, मांग, रामोशी, मुसलमान, जैन अशा सगळ्या घरांतून आलेल्या मुलांना आपल्या हाताने वाढले. आजारी मुलाच्या उशाशी त्याच बसत. पैसा संपला की दागिना सोनाराकडे जाई. शेवटी एका अडचणीच्या दिवशी मुलांच्या जेवणासाठी त्यांनी मंगळसूत्रही दिले, ही आठवण बोर्डिंगच्या प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला सांगितली आहे.

बोर्डिंगचे धान्य दोन वाटांनी येई. भाऊराव आणि सहकारी सुगीच्या दिवसांत खेडोपाडी फिरून खळ्यावर धान्य मागत. दुसरी वाट मुष्टिफंडाची. घरातली बाई दळण किंवा स्वयंपाक करताना रोज मूठभर धान्य बाजूला काढी, आणि ते साठले की बोर्डिंगला पोचते होई. मोठा देणगीदार वर्षातून एकदा आठवतो, मूठ रोज आठवते. या योजनेमुळे सातारा जिल्ह्यातल्या असंख्य घरांचा बोर्डिंगशी रोजचा संबंध जुळला. आपला मुलगा तिथे नसला तरी आपली ज्वारी तिथे आहे, ही भावना निर्माण झाली.

महात्मा गांधी २५ फेब्रुवारी १९२७ रोजी सातारला आले आणि त्यांच्या हस्ते बोर्डिंगचे 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. शाहू महाराजांचे निधन होऊन त्या वेळी पाच वर्षे होत आली होती. बोर्डिंग होते त्या धनिणीच्या बागेत सर्व जातींची मुले एकत्र राहतात, एकत्र रांधतात आणि एकाच पंगतीला बसतात, हे पाहून गांधीजी प्रभावित झाले. पुढे हरिजन सेवक फंडातून बोर्डिंगला वर्षाला ५०० रुपयांची मदत मिळू लागली.

या तारखेनंतर महिन्याच्या आतच, २० मार्च १९२७ रोजी, सावित्रीच्या काठच्या महाड गावी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. तळ्याचे पाणी कायद्याने सर्वांना खुले असूनही ते घेऊ दिले जात नव्हते. ते मिळवण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. तो संघर्ष चव्हाट्यावरचा होता. घाटावर त्याच वेळी काही मुले रोजच्या जेवणात तीच रेषा ओलांडत होती. दोन घटनांची तुलना करण्याचा हेतू नाही. मात्र किनाऱ्याकडच्या वाचकाला शाहू बोर्डिंगच्या पंगतीचे मोल समजायचे असेल, तर महाडचा तो दिवस शेजारी ठेवून पाहावे. ज्या काळात पाण्याला हात लावणे हा गुन्हा ठरत होता, त्या काळात या बोर्डिंगमध्ये वाढप्या कोण आणि जेवणारा कोण हे पाळीच्या कागदावर ठरत होते.

दुसरे दशक : १९३० ते १९३९

दशकाची सुरुवात दुःखाने झाली. १९३० साली लक्ष्मीबाईंचे निधन झाले. मुले पोरकी झाली आणि अण्णांचे, म्हणजे भाऊरावांचे, घर रिते झाले. यानंतर बोर्डिंगचा भार मोठ्या मुलांनी उचलला, आणि येथूनच बोर्डिंगच्या परंपरांना रेखीव रूप आले.

पहिली परंपरा पाळीची. स्वयंपाक, पाणी भरणे, लाकूडफाटा आणणे, झाडलोट, भांडी, कंदिलांच्या काचा पुसणे या सगळ्यांसाठी मुलांच्या पाळ्या लागत. नोकर नव्हताच. एखाद्या घरात वाढलेल्या मुलाला भाकरी थापणे हे बाईचे काम वाटे, दुसऱ्याला झाडू धरणे हलक्या जातीचे काम वाटे. पाळी आली की दोघांचीही समजूत आपोआप बदलू लागे. व्याख्यान देऊन जे साधले नसते ते पिठात हात घातल्यावर साधत गेले.

दुसरी परंपरा पंगतीची. सर्वांचे ताट एका ओळीत, जेवण एकच, बसण्याचा क्रम जातीने किंवा घरच्या परिस्थितीने ठरत नसे. तिसरी परंपरा मोठ्याने धाकट्याला शिकवण्याची. वरच्या वर्गातला मुलगा खालच्या वर्गातल्या दोघा-तिघांचा अभ्यास घेई, आजारपणात त्याच्याजवळ जागे, सुट्टीत घरी पोचवून येई. ज्येष्ठाला मान होता, पण तो जास्त काम करण्याचा मान होता. चौथी परंपरा प्रार्थनेची. पहाटे उठून, अंघोळ आटोपून सर्वधर्म प्रार्थना होई आणि मगच दिवस सुरू होई.

परदेशांतल्या महाविद्यालयांतही विद्यार्थ्यांच्या भ्रातृसंघटनांची जुनी परंपरा आहे. अमेरिकेत १७७६ मध्ये विल्यम अँड मेरी कॉलेजात 'फाय बीटा कॅपा' ही ग्रीक अक्षरांच्या नावाची पहिली संघटना निघाली. पुढे अशा अनेक संघटनांत गुप्त खुणा, शपथा आणि दीक्षाविधी रूढ झाले. तिथे बंधुत्व निवडीवर उभे असे. कोणाला आत घ्यायचे हे सभासद ठरवत. शाहू बोर्डिंगला अधिक जवळची वाटते ती बुकर टी. वॉशिंग्टन यांची टस्कीगी संस्था. १८८१ मध्ये सुरू झालेल्या त्या शाळेत गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या समाजाची मुले स्वतः विटा भाजून आपल्याच वर्गखोल्या बांधत. भाऊरावांना महाराष्ट्राचे बुकर टी. वॉशिंग्टन म्हटले गेले, त्यामागे हे साम्य आहे. बोर्डिंगमध्ये दीक्षाविधी नव्हता. नव्या मुलाचे नाव दुसऱ्या दिवशी पाळीच्या यादीत लागले की तो बोर्डिंगचा झाला.

१९३२ च्या पुणे करारानंतर त्याच वर्षी पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस सुरू झाले, आणि सातारचा मिश्र वसतिगृहाचा प्रयोग उच्च शिक्षणाच्या शहरात पोचला. १९३५ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी सातारला सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. बोर्डिंगमधून बाहेर पडणाऱ्या मुलांना शिक्षक होण्याची वाट मिळाली, आणि खेड्यातल्या शाळांना खेड्यातलेच शिक्षक मिळू लागले. सातारजवळच्या यवतेश्वराच्या डोंगरापासून व्हॉलंटरी शाळांची मालिका सुरू झाली. जिथे सरकारी शाळा नव्हती तिथे चावडीत, देवळात किंवा झाडाखाली शाळा भरू लागली.

तिसरे दशक : १९४० ते १९४९

या दशकात बोर्डिंगच्या शिकवणीला संस्थेच्या सर्व कामात स्थान मिळाले. १९४० मध्ये सातारला महाराजा सयाजीराव फ्री अँड रेसिडेन्शियल हायस्कूल सुरू झाले. फी नाही, राहणे-जेवण संस्थेत, आणि त्या बदल्यात विद्यार्थ्याने अंगमेहनत करायची, अशी ही 'कमवा आणि शिका' योजना. खडकाळ जमीन सपाट करणे, विहीर खणणे, शेती, बांधकाम ही कामे मुले करत. बोर्डिंगमध्ये पाळीच्या रूपाने जे आधीच चालू होते, त्याला येथे शाळेच्या वेळापत्रकात जागा मिळाली. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे वाक्य आजही संस्थेच्या कागदांवर छापले जाते. त्या मुलांच्या हातावरच्या घट्ट्यांनी ते खरे केले.

याच काळात रयत सेवकांच्या सहकारी पतसंस्थेचे काम उभे राहिले. लक्ष्मीबाईंच्या नावाने शिक्षणोत्तेजक पतपेढीही निघाली. उच्च शिक्षणासाठी निघालेल्या मुलाला कर्ज द्यायचे, त्याने नोकरीला लागल्यावर ते फेडायचे आणि तोच पैसा पुढच्या मुलाला मिळायचा. थोरल्याने धाकट्याचा अभ्यास घेण्याची जुनी रीत हिशेबाच्या वहीत उतरली. बोर्डिंगच्या बंधुभावाचे टिकाऊ रूप कोणते, असे विचारले तर या पतपेढीकडे बोट दाखवावे लागेल.

१९४२ च्या लढ्यात सातारा जिल्हा आघाडीवर होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे हे प्रमुख क्षेत्र. बोर्डिंगचे आजी-माजी विद्यार्थी त्या वातावरणापासून दूर राहणे शक्यच नव्हते. तरी वर्ग आणि परीक्षा चालू राहिल्या, याचे श्रेय त्या काळच्या रेक्टरांना आणि शिक्षकांना द्यायला हवे.

स्वातंत्र्याच्या वर्षी, जून १९४७ मध्ये, सातारला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. गरीब मुलाला फी न देता श्रम करून पदवी मिळवण्याची सोय येथे झाली. कॉलेजचे विद्यार्थी दगड फोडताना, बागेत पाणी घालताना, इमारतीच्या पायात माती टाकताना दिसू लागले. या कॉलेजची धुरा पुढे बॅरिस्टर पी. जी. पाटील यांनी वाहिली. ते स्वतः शाहू बोर्डिंगचे विद्यार्थी. खेड्यातून आलेला हा मुलगा बोर्डिंगच्या आधाराने शिकला, विलायतेत जाऊन बॅरिस्टर झाला आणि वकिली न करता शिकवायला परत आला. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. भाऊरावांचे चरित्र त्यांनी 'द बाउंटियस बॅनियन' या नावाने इंग्रजीत लिहिले.

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प अण्णांनी सोडला. याच सुमारास, १९४८ मध्ये, काही गैरसमजांमुळे संस्थेचे सरकारी अनुदान थांबले. त्या दिवसांत काय काय बोलले गेले, याची उजळणी येथे करण्याचे कारण नाही. लक्षात ठेवण्याजोगे हे की बोर्डिंग बंद पडले नाही. गावांनी धान्य पाठवले, शिक्षकांनी पगाराची वाट पाहिली, मुलांनी कामाचे तास वाढवले. गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्याकडे संस्थेची बाजू मांडली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले.

चौथे दशक : १९५० ते १९५९

गाडगे महाराजांच्या उपकाराची आठवण संस्थेने १९५४ मध्ये कराडच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव देऊन ठेवली. १९५५ मध्ये सातारला आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झाले. आता बोर्डिंगमध्ये दाखल झालेला मुलगा त्याच गावात हायस्कूल, पदवी आणि शिक्षकी पेशाचे प्रशिक्षण असा सारा प्रवास पूर्ण करू शकत होता. अनेकांनी तसा केलाही. त्यांतले कित्येक पुढे दूरच्या शाखांवर शिक्षक, मुख्याध्यापक, रेक्टर म्हणून गेले आणि तिथल्या वसतिगृहांत सातारची पाळी, पंगत आणि पहाटेची प्रार्थना घेऊन गेले. शाहू बोर्डिंगचे वळण दूरवर पोचले ते माणसांबरोबर.

१९५९ साली भारत सरकारने कर्मवीर भाऊरावांना पद्मभूषण दिले. पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही सन्माननीय पदवी अर्पण केली. ज्याचे शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते त्याला विद्यापीठाने वंदन केले. त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे, ५७८ व्हॉलंटरी शाळा, १०८ माध्यमिक शाळा, ६ ट्रेनिंग कॉलेजे आणि ३ महाविद्यालये होती. त्यांची समाधी सातारलाच आहे.

पाचवे आणि सहावे दशक : १९६० ते १९७९

संस्थापक गेल्यावर संस्था टिकते की नाही, ही कसोटी प्रत्येक सार्वजनिक कामाची असते. रयतेच्या बाबतीत ती निभावली ती आजीव सदस्य, आजीव सेवक आणि हजारो रयत सेवकांमुळे. काही निर्णयांवर मतभिन्नता झाली, ती चर्चेने मिटली आणि काम पुढे गेले.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. कमी उत्पन्नाच्या पालकांच्या मुलांना ई. बी. सी. सवलत मिळू लागली. समाजकल्याण खात्याच्या अनुदानाने जिल्ह्याजिल्ह्यांत मागासवर्गीय वसतिगृहे निघाली. फी भरण्यासाठी श्रम करण्याची निकड कमी होत गेली, तेव्हा श्रमाची परंपरा चालू ठेवावी की सोडावी, असा प्रश्न बोर्डिंगपुढे आला. तडजोड अशी निघाली की स्वयंपाकासाठी माणसे नेमली, पण वाढणे, झाडलोट, परिसराची निगा आणि सुट्टीच्या दिवसाचे श्रमदान मुलांकडेच राहिले. 'कमवा आणि शिका' योजना या काळात संस्थेबाहेरही गेली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांच्या नावाने उभे असलेले विद्यार्थी भवन याच तत्त्वावर चालते.

रायगडशी, म्हणजे त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्याशी, रयतेचा संबंध याच काळात घट्ट झाला. १९७० मध्ये पनवेलला महात्मा फुले महाविद्यालय सुरू झाले. पुढे उरण तालुक्यातील फुंडे येथे वीर वाजेकर महाविद्यालय निघाले. मिठागरांवर आणि मासेमारीवर जगणाऱ्या वस्त्यांतल्या मुलांना पदवीचे शिक्षण घराजवळ मिळू लागले. त्याआधी १९६१ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने महाडला त्यांच्या नावाचे महाविद्यालय काढले होते. १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात असलेला श्रीवर्धन-हरिहरेश्वरचा पट्टा या नव्या केंद्रांपासून तरीही दूरच राहिला. घाटाची चढण, खाडीची तर आणि पावसाळ्यात तुटणारी वाट यांमुळे इकडच्या मुलाला घर सोडावेच लागे. म्हणूनच वसतिगृहाची गरज किनाऱ्याला शाळेइतकीच होती.

सातवे आणि आठवे दशक : १९८० ते १९९९

१९८७ हे कर्मवीरांचे जन्मशताब्दी वर्ष. त्यानिमित्त जुने विद्यार्थी मोठ्या संख्येने सातारला आले. त्यांत अधिकारी होते, शेतकरी होते, आमदार होते, प्राथमिक शिक्षक होते. कोणी कोणाचे पद विचारले नाही. कोणत्या सालचा, कोणत्या खोलीचा, एवढेच विचारले गेले. बोर्डिंगच्या इमारतींची दुरुस्ती, ग्रंथालय, अभ्यासिका यांसाठी अशा माजी विद्यार्थ्यांनी हात सैल सोडला. रयत सेवकांनी पगारातून दिलेल्या कृतज्ञता निधीनेही मोठा आधार दिला.

या काळात महाविद्यालयीन वसतिगृहांमधल्या छळाच्या बातम्या देशभर येऊ लागल्या, आणि महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगबंदीचा कायदा केला. कायद्याची भीती आवश्यक असते, पण पुरेशी नसते. नव्या मुलाचा पहिला आठवडा जुन्या मुलांनी सांभाळायचा, त्याला ताट कुठले, घंटा कोणती, दवाखाना कुठे हे दाखवायचे, ही जुनी शिकवण रेक्टरांनी या काळात पुन्हा नव्याने रुजवली.

नववे आणि दहावे दशक : २००० ते २०२४

नव्या शतकात वसतिगृहांचे स्वरूप बदलले. इंग्रजी माध्यम, संगणक, स्पर्धा परीक्षा, खासगी क्लास या सगळ्यांचा परिणाम मुलांच्या दिनक्रमावर झाला. मोबाइलमुळे घर दररोज हाताशी आले. घरच्या पत्राची वाट पाहत बसणारी पिढी आता पालक झाली आहे. पूर्वी सगळे मिळून एकाच दिव्याखाली वाचत. आता प्रत्येकाचा पडदा वेगळा आहे. प्रार्थनेचा आणि एकत्र जेवणाचा आग्रह म्हणूनच अधिक महत्त्वाचा झाला आहे. दिवसातून दोनदा सर्वांनी एकमेकांसमोर बसायचे, एवढे तरी टिकावे, असा प्रयत्न असतो.

२०१९ मध्ये संस्थेने शताब्दी साजरी केली. लगेच पुढच्या वर्षी कोविडच्या साथीने वसतिगृहे रिकामी झाली, आणि मुले गावी जाऊन मोबाइलवर शिकू लागली. ज्यांच्याकडे मोबाइल नव्हता किंवा गावात रेंज नव्हती, त्यांची अडचण शंभर वर्षांपूर्वीच्या मुलासारखीच होती. शिक्षण दूर होते आणि वाटेत आधार नव्हता. वसतिगृह ही गतकाळाची सोय आहे, असे मानणाऱ्यांना त्या दोन वर्षांनी उत्तर दिले.

२०२१ मध्ये सातारच्या तीन महाविद्यालयांचे मिळून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ स्थापन झाले. शिवाजी कॉलेज त्याचा भाग आहे. आज संस्थेच्या साडेसातशेहून अधिक शाखा आहेत. २०२४ मध्ये शाहू बोर्डिंगने शंभर वर्षे पूर्ण केली.

आजचे उपक्रम

दर २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंतीची मिरवणूक निघते. ९ मे रोजी पुण्यतिथीला समाधीस्थळी राज्यभरातून माणसे जमतात. लक्ष्मीबाईंच्या स्मृतिदिनी मुली आणि शिक्षिका त्यांना अभिवादन करतात. विठ्ठल वाघ यांनी लिहिलेले रयत गीत प्रत्येक शाखेत म्हटले जाते. माजी विद्यार्थ्यांच्या बैठका भरतात, शिष्यवृत्त्या दिल्या जातात, पतपेढीचे कर्ज घेऊन मुले पुढे शिकतात. यांतल्या बऱ्याच गोष्टी आता समारंभाच्या झाल्या आहेत, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य नाही असे नाही. पण मुलाने स्वतःचे ताट धुणे आणि दुसऱ्याच्या ताटात वाढणे हा समारंभ होत नाही. ते रोजचे आहे, आणि तेच बोर्डिंगचे खरे स्मारक आहे.

कृतज्ञता आणि पुढील काम

या शंभर वर्षांचे श्रेय एका नावावर लिहिता येत नाही, आणि कर्मवीरांनाही ते मान्य झाले नसते. मूठ धान्य काढणाऱ्या बायका, खळ्यावरून पोते देणारे शेतकरी, रात्री-अपरात्री उठणारे रेक्टर, पगार थांबला तरी वर्ग न थांबवणारे शिक्षक, स्वयंपाकघरातल्या मावश्या, आणि आपल्यापेक्षा लहान मुलाचे पुस्तक हातात घेऊन बसणारे असंख्य मोठे विद्यार्थी यांनी ही संस्था चालवली. त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत. ही नोंद त्या सर्वांना अर्पण आहे.

किनाऱ्यावरच्या वाचकांना एक विनंती करावीशी वाटते. हरिहरेश्वरला आज पर्यटक येतात, घरगुती खानावळी आणि लॉज चालतात, सागरी रस्ता होतो आहे. तरी दहावीनंतर कोणता विषय घ्यायचा हे अनेक मुलींसाठी अजून एस. टी. च्या वेळेवर ठरते. पटसंख्या घटल्यामुळे लहान शाळांवर गंडांतर आहे, आणि शाळा दूर गेली की सर्वांत आधी मुलीचे शिक्षण सुटते. श्रीवर्धन, म्हसळा, महाड या ठिकाणी सर्व समाजांच्या मुलींसाठी चांगली, सुरक्षित आणि परवडणारी वसतिगृहे हवी आहेत. त्यासाठी मोठा देणगीदार मिळेपर्यंत थांबण्याची गरज नाही. मुष्टिफंडाची रीत आजही चालू शकते. ज्वारीऐवजी दरमहा शंभर रुपये म्हणा, किंवा लॉजमधल्या एका खोलीचे एका रात्रीचे उत्पन्न म्हणा. शाहू बोर्डिंगच्या शताब्दीनिमित्त किनाऱ्यावर असे एक जरी मुलींचे वसतिगृह सुरू झाले आणि तिथली पंगत पहिल्या दिवसापासून एकच राहिली, तर या शंभर वर्षांच्या कामाला इकडे खाडीच्या काठी एक नवी शाखा फुटेल. तिला कोणाचे नाव द्यायचे, हे तिथल्या मुलींनी ठरवावे.